गावातल्या शाळेत सकाळचा खाऊ रोज द्यायचाय – सोलापूरकरांनो, अनुभव सांगा

ज्वारीची_कणसं | 2 जुलै, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. मी राहतो सोलापुरात, नोकरी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाची, पण मूळ गाव मंगळवेढा तालुक्यात दक्षिणेकडचं, म्हणजे जिथली माणसं पाण्यासाठी मोर्चे काढून म्हातारी झाली त्यातलं एक. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं जे लिहिणारे त्यात गावाला कमीपणा वाटू नये.

मागच्या महिन्यात शाळा सुरू झाली तेव्हा पुतण्याला सोडायला जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलो होतो. चौथीपर्यंतची शाळा, पट 46, दोन शिक्षक. प्रार्थना चालू होती आणि तिसरीतली एक पोरगी मटकन खाली बसली. मॅडमनी तिला सावलीत नेलं, पाणी दिलं, खिशातनं बिस्किट काढून दिलं. मी घाबरलो, म्हटलं डॉक्टरला बोलवू का. मॅडम म्हणाल्या, नको, जेवली नसेल. इतकं साधेपणानं म्हणाल्या की मलाच कसंतरी झालं. आई साडेसातला खुरपायला जाते, पोरगी उठते, चहा असला तर चहा, रात्रीची भाकरी उरली असली तर ती त्यात बुडवून, नाहीतर पाच रुपयाचा कुरकुऱ्याचा पुडा. खिचडी मिळते दीडच्या सुट्टीत. म्हणजे रात्री आठ ते दुसऱ्या दिवशी दुपारी दीड, साडेसतरा तास झाले हो.

तर मी आणि बायकोनं ठरवलंय की शाळा भरल्या भरल्या काहीतरी पोटात जाईल असं द्यायचं. एक दिवस वाढदिवसाला नाही, रोज. कुणी केलंय का असं? काय द्यावं, किती खर्च येतो, परवानगी कुणाची, सगळं सांगा.

सीनाकाठ | 2 जुलै, रात्री 11:05

लई भारी काम करलालाव बघा. आमी मोहोळचे. दामाजीपंतांच्या गावाकडचे तुमी, कोठार उघडायचं रक्तातच हाय की ओ तुमच्या 😀 ज्वारी लागली तर सांगा, एक पोतं मालदांडी माझ्याकडनं.

बेरकी_बोका | 3 जुलै, सकाळी 7:15

दामाजीपंतांनी बादशहाचं कोठार उघडलं ते एका दुष्काळात. रोज उघडलं असतं तर विठोबाला रोज महाराचं रूप घेऊन बिदरला पैसे भरायला जावं लागलं असतं. थट्टा नाही करत, धागाकर्त्याने "रोज" हा शब्द वापरलाय म्हणून सांगतोय. पहिल्या आठवड्यात फोटो, दुसऱ्या महिन्यात शांतता, असं मी तीन ठिकाणी बघितलंय.

आणि दुसरं. शाळेत जेवण देणं हे सरकारचं काम आहे, मेहरबानी नाही. 2001 सालच्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं आदेश दिला तेव्हा कुठं शिजवलेलं अन्न सगळीकडं सुरू झालं, त्याआधी महिन्याला तीन किलो तांदूळ पिशवीत भरून द्यायचे. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात तर हा हक्कच आहे. तुम्ही खिशातनं देत राहिलात की वरचे म्हणणार, चाललंय की लोकसहभागातून. बघा अंड्याचं काय झालं.

शेंगाचटणी | 3 जुलै, सकाळी 9:30

अंड्याचं काय झालं?

गुरुजी_बदलीवाले | 3 जुलै, दुपारी 2:10

मी सांगतो. अठरा वर्षं जि.प. शाळेत आहे, त्यातली अकरा खिचडीचा हिशेब लिहिण्यात गेली 🙂

2023 च्या नोव्हेंबरपासून राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं असं सुरू केलं आणि त्याला वेगळे पैसे दिले. पोरं त्या दिवशी हमखास हजर. मग 2025 च्या जानेवारीत ते जादा पैसे बंद, करायचं तर लोकसहभागातून करा. बोकोबांचं म्हणणं चुकीचं नाही.

पण धागाकर्त्यांचा प्रश्न वेगळा आहे. सरकारचं जेवण दुपारचं आहे. पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, 20 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, 50 ग्रॅम भाजी, म्हणजे हिशेबात 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला 150 ग्रॅम तांदूळ आणि 700 कॅलरी. तांदूळ सोडून बाकी सगळ्याला मिळून मे 2025 पासून एका लहान पोरामागं 6 रुपये 78 पैसे, मोठ्यामागं 10 रुपये 17 पैसे. यात तेल, डाळ, मसाला, भाजी, सरपण. त्यातून आमच्या ताई जे करतात ते मी स्वतः रोज चाखतो, शिक्षकानं आधी चव घेऊन वहीत सही करायची असते. बिहारमध्ये 2013 साली छपऱ्याजवळ कीटकनाशकाच्या डब्यातल्या तेलानं 23 लेकरं गेली, तेव्हापासून ही चव घेणं किती महत्त्वाचं ते कळलं. मी आजही पहिला घास घेताना ते आठवतो.

पण सकाळी साडेदहाला पोराच्या पोटात काय आहे हे कुठल्याच वहीत नाही.

परवानगीचं म्हणाल तर शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करा, हेडसरांकडून केंद्रप्रमुखांना एक पत्र. बाहेरून शिजवून आणू नका. शाळेत, किंवा शाळेच्या डोळ्यासमोर करा. रोजचा थोडा नमुना झाकून वेगळा ठेवा, काही झालंच तर काय खाल्लं ते कळतं.

ज्वारीची_कणसं | 3 जुलै, रात्री 9:50

गुरुजी, फार उपयोगी. बोकोबा, तुमचंही पटतंय, पण ती पोरगी उद्या सकाळी परत प्रार्थनेला उभी राहणारे, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत काय करू?

बेरकी_बोका | 3 जुलै, रात्री 10:02

द्या हो, देऊ नका कुठं म्हणालो. देताना अर्जही करत राहा, एवढंच. तामिळनाडूत बघा, दुपारचं जेवण कामराजांनी पन्नासच्या दशकात सुरू केलं, एमजीआरनी 1982 ला ते वाढवलं, आणि 2022 च्या सप्टेंबरपासून तिथं सरकारी प्राथमिक शाळेत सकाळचा नाश्ता पण आहे. सरकारच देतंय. म्हणजे मागितलं तर होतं.

पिवळी_चाफेकळी | 4 जुलै, सकाळी 11:20

मी आहारतज्ज्ञ आहे, सोलापुरात. एरवी नुसती वाचत असते, पण आज लिहितेच.

आधी काय देऊ नका ते: बिस्किटं, खारी, रव्याचा शिरा, डालडा घातलेलं काहीही. पोट भरल्यासारखं वाटतं, तासाभरात परत रिकामं. दूध चांगलं, पण गावात ते रोज ताजं, तापवून, पाणी न घालता मिळणार असेल तरच.

आपल्याकडं सोलापुरात सगळ्यात सोपी गोष्ट शेंगदाणा. 35 ग्रॅमचा दाण्याचा लाडू घ्या, त्यात 24 ग्रॅम दाणे आणि बाकी गूळ धरला तर साधारण 180 कॅलरी आणि सहा ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात जवळपास तेवढीच प्रथिनं असतात. शिवाय मोड आलेली मटकी, उकडलेले हरभरे, आणि जमलं तर आठवड्यातून एकदा-दोनदा अंडं, कारण अंड्यातली प्रथिनं अंगी जास्त लागतात.

काळजी दोन. दाणे खवट, काळपट, बुरशी आलेले असतील तर निवडून फेका, गुळात चव लपते म्हणून ढकलू नका, ती बुरशी यकृताला वाईट. आणि शेजारच्या अंगणवाडीतली चिमुरडी हात पसरून येणारच, त्यांना अख्खा दाणा द्यायचा नाही, घशात अडकतो. कूट बारीक करा.

जंताची गोळी शाळेत देतात त्या दिवशी पोरं हजर असतील असं बघा. नाहीतर निम्मं खाणं जंतांना.

आणि एक, थोडं तांत्रिक आहे पण लिहिते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानानं खुजी निघाली. खुजेपण एका दिवसात येत नाही, रोज थोडं कमी पडत पडत येतं. म्हणून रोज थोडं द्यायलाच अर्थ आहे, महिन्यातून एकदा जिलेबीचं जेवण घालून त्यात फरक पडत नाही.

आचारी_नंबर_एक | 4 जुलै, दुपारी 4:45

लग्नाची कामं घेतो मी, हजार पानं उठवलीत एका बैठकीत, पण 46 पोरांचं रोजचं मला जड वाटतं हे खरं सांगतो. हजार पानाला एक दिवस टेन्शन असतंय, मग झोप. रोजच्याला झोपच नाही.

माझा अनुभव ऐका. सामान नाही संपत, माणूस संपतो. करणारी बाई एकच ठेवू नका. तिला ताप येणार, तिच्या भाच्याचं लग्न निघणार, तिची सासू आजारी पडणार. दोघी ठेवा, आलटून पालटून, आणि दोघींना पैसे द्या. फुकट सेवा म्हणून सांगाल तर पंधरा दिवस येतील.

शेंगाचटणी | 4 जुलै, संध्याकाळी 6:00

हे अगदी! खिचडी करणाऱ्या ताईंना किती मिळतात माहितीय का कुणाला? केंद्राचं मानधन 2009 पासून महिना हजार आणि ते पण वर्षातले दहा महिने. आपल्या राज्यानं आता अडीच हजारापर्यंत नेलंय. चुलीपुढं बसून शंभर पोरांचा भात, भांडी, झाडलोट, पाणी भरणं. आणि आपण धाग्यावर दाण्याच्या लाडवाचे ग्रॅम मोजतोय. मी पुण्यात बसून दर महिना एका बाईंचे पैसे देईन, पण फोटो नको, नाव नको.

हिशेबनीस | 4 जुलै, रात्री 9:15

धागाकर्ते स्वतः हिशेबाचे आहेत तरी मांडतो, चुकलं तर सांगा. मार्केट यार्डातले भाव धरतोय.

लाडवाचा दिवस: 46 लाडू म्हणजे सव्वा किलोच्या आत दाणे नि अर्धा किलो गूळ, 180-190 रुपये. मटकीचा दिवस: सव्वा किलो मटकी, कांदा, तेल, फोडणी, 170 च्या आसपास. हरभरा त्याहून थोडा स्वस्त. अंड्याचा दिवस सव्वातीनशे. सरासरी काढली तर दिवसाला 200-210, महिन्याचे 24 दिवस म्हणजे पाच हजार. दोघींचं मानधन आणि गॅस धरून आठ हजार. दहा जणांनी आठशे दिले की झालं. म्हणजे पैसा हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे, हे मी पैशाचा माणूस असून सांगतोय.

सोपा का, तर अकराव्या महिन्यात दहापैकी सहाच जण द्यायला राहतात, तेव्हा कळेल. सहा महिन्यांचे पैसे आधी गोळा करा, मग पहिला लाडू वळा.

ज्वारीची_कणसं | 20 जुलै, रात्री 10:30

अपडेट. सोमवारी 14 तारखेला सुरू केलं. समितीचा ठराव झाला, एक सदस्य म्हणाले आमची पोरं काय उपाशी आहेत काय, तेव्हा मॅडम बोलल्या की सगळ्यांनाच द्यायचंय, निवडून नाही. ते फार बरं झालं. गरिबाच्या पोरांना वेगळं उभं करून द्यायचं असतं तर मीच केलं नसतं.

सरपंचांना उद्घाटन करायचं होतं, नारळ, मंडप. कसंबसं टाळलं. पोरांनी ओळीनं हात धुतले (साबणाच्या वड्या जाळीच्या पिशवीत टांगल्यात, नाहीतर कावळे नेतात), मांडी घातली, लाडू खाल्ला आणि एक पहिलीतला म्हणला, आता घरी जायचं का? त्याला वाटलं कार्यक्रम संपला 😀

सोम-गुरु लाडू, मंगळ-शुक्र मटकी नाहीतर हरभरा, बुध अंडं किंवा केळं, शनिवारी सकाळची शाळा म्हणून चिक्की. अंड्यावरून थोडी कुजबुज झाली, माळकरी घरं आहेत बरीच, पंढरपूर जवळ. मॅडमनी पालकांना विचारून घरटी यादी केली, 46 पैकी 29 अंडंवाले निघाले. दोन पोरांची नावं केळ्यात होती पण ती अंड्याच्या रांगेत दिसली. मॅडमनी डोळेझाक केली नाही, परत घरी विचारून आल्या, मला ते जास्त आवडलं.

सीनाकाठ | 20 जुलै, रात्री 10:50

शाब्बास. ज्वारीचं पोतं पडून हाय, काय करू? लाह्या फोडू का?

पिवळी_चाफेकळी | 21 जुलै, सकाळी 8:00

लाह्यांचं पीठ करून लाडवात घाला की! दाणे, गूळ आणि ज्वारीच्या लाह्या. स्वस्त पण पडतं आणि लाडू हलका होतो.

ज्वारीची_कणसं | 27 ऑगस्ट, रात्री 11:55

आज गणपती बसले, घरी आरत्या झाल्या, पण माझं चित्त नाही. लिहून मोकळा होतो.

मागच्या आठवड्यात चार दिवस खाऊ बंद पडला. आचारीदादांनी सांगितलेलं सगळं ऐकलं होतं, दोघी ठेवल्या होत्या. पण दोघी जावा-जावा. सासरे वारले, दोघींना सुतक. आमच्या डोक्यातच आलं नाही. मी सोलापुरात, महिनाअखेर, रजा नाही. मॅडमनी एक दिवस स्वतः केळी आणली, पुढचे चार दिवस काहीच नाही.

शनिवारी गावी गेलो तर एका पोराची आई वाटेत थांबवून बोलली. भांडली नाही, नुसतं बोलली. म्हणाली, भाऊ, शाळेत मिळतंय म्हणून मी सकाळची भाकरी टाकायची सोडली होती, तेवढीच कामाला लवकर जात होते. चार दिवस पोरगं उपाशीपोटी गेलं शाळेला, मला संध्याकाळी कळलं. बंद करायचं होतं तर सुरू कशाला केलं?

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आधी त्या पोराला निदान शिळा तुकडा तरी मिळत होता, माझ्यामुळं चार दिवस तो पण गेला. तीन दिवस झोप नाही लागली नीट. बोकोबा, तुम्ही पहिल्याच दिवशी "रोज" या शब्दाला धरलं होतं ते आता कळलं. आपण रोज द्यायला लागलो की समोरचं घर ते धरून चालायला लागतं, आणि ते कुणी आपल्याला सांगत नाही.

बेरकी_बोका | 28 ऑगस्ट, सकाळी 6:40

मला बरोबर ठरण्यात काही आनंद नाही. बंद करू नका. सरकारी खिचडीला सुद्धा यासाठी नियम आहे, शाळेच्या कुठल्याही दिवशी जेवण नाही मिळालं तर पोराला धान्य आणि पैसे द्यावे लागतात, अन्न सुरक्षा भत्ता, आणि सलग तीन शाळेचे दिवस किंवा महिन्यात पाच दिवस खाडा पडला तर जबाबदारी ठरवून कारवाई करावी लागते. नियम करणाऱ्याला पण माहिती होतं की खाडा पडला की पोराचं काय होतं. तुम्ही तुमचा नियम करा.

आचारी_नंबर_एक | 28 ऑगस्ट, सकाळी 10:15

माझीच चूक, दोघी सांगितल्या पण वेगवेगळ्या घरातल्या हे सांगायचं राहिलं. आता असं करा. शाळेत एक पत्र्याचा डबा, घट्ट झाकणाचा. त्यात पाच दिवस पुरतील एवढे दाण्याचे लाडू कायम. कोरडे वळायचे, दूध-पाणी लावायचं नाही, दाणे खमंग भाजलेले, म्हणजे पंधरा दिवस हलत नाहीत. डब्यावर तारखेची चिठ्ठी. दर सोमवारी जुने वाटायचे, नवे भरायचे. म्हणजे राखीव माल ताजा राहतो. किल्ली दोघांकडं. कुणी मेलं, पाऊस पडला, एसटी बंद पडली, डबा उघडायचा. हॉटेलात आम्ही याला काही नाव देत नाही पण असतंय प्रत्येकाकडं.

गुरुजी_बदलीवाले | 28 ऑगस्ट, दुपारी 1:50

आणि आयांना सांगा की सकाळची भाकरी टाकायचं बंद करू नका. ऐकतील असं नाही. माझ्या शाळेत दुपारच्या खिचडीबाबत हेच आहे, डबा देणं कधीच बंद झालं. पोर दुपारी शाळेत जेवतं हे धरूनच घरचं पीठ मळलं जातं. यात आईचा दोष नाही हो, दोनशे-अडीचशे रुपये रोजासाठी ऊन डोक्यावर घेणारी बाई जिथं वाचतं तिथं वाचवणार.

सीनाकाठ | 2 ऑक्टोबर, रात्री 9:00

बरेच दिवसांनी आलो. सप्टेंबरात सीनेला पाणी आलं, सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंच. रान गेलं, ज्वारीचं ते पोतं पण गेलं. सोयाबीन तर बघवत नाही. शाळेत आमी चार दिवस ऱ्हायलो, वर्गात. शाळेचीच चूल, शाळेचाच तांदूळ, खिचडी करणाऱ्या मावशीचं स्वतःचं घर पाण्यात आणि ती आमाला भात वाढत होती. मी 52 वर्षाचा माणूस रांगेत ताट घेऊन. लाजलो पहिल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी भुकेनं लाज गेली. एवढंच सांगायला आलो. लाडवाला आता ज्वारी पुढच्या साली.

शेंगाचटणी | 2 ऑक्टोबर, रात्री 9:20

दादा, खाजगी निरोप पाठवलाय, बघा.

कोयता_ते_कीबोर्ड | 3 ऑक्टोबर, रात्री 1:10

धागा आज वाचला, एका दमात. मी ऊसतोड कामगारांचा मुलगा. आता बंगळुरात सॉफ्टवेअरमध्ये. शाळेत तांदळाच्या पिशवीऐवजी शिजवलेला भात मिळायला लागला तेव्हा मी लहान होतो. पिशवीचा तांदूळ घरी सगळ्यांत वाटला जायचा, ताटातला भात फक्त माझा होता. हा फरक मोठ्या माणसांना कळत नाही.

मला रविवार आवडायचा नाही. मे महिना तर नाहीच. सगळी पोरं सुट्टीची वाट बघतात असं पुस्तकात असायचं आणि मला वाटायचं ही कुठली पोरं. आठवी झाली आणि नववीपासून ताट बंद, कारण योजना आठवीपर्यंत. भूक काय आठवीचा दाखला घेऊन जाते का? नववीत मी उंचीनं वाढत होतो आणि तेव्हाच जेवण गेलं. खिचडी शिजायची त्या खोलीवरनं आमच्या वर्गाला जायची वाट होती.

पण खरं सांगायचंय ते वेगळं. धागाकर्ते, दिवाळी झाली की तुमचा पट मोजा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने, आणि तुमच्या त्या कोरड्या पट्ट्यातनं ऊसतोडीला कोयते निघणार. आईबाप फडावर गेले की पोरं बरोबर. कोपीत, म्हणजे फडावरच्या खोपटात, राहायचं, पहाटे आई तोडीला, मोठ्या बहिणीनं धाकट्याला सांभाळायचं. तिथं ना खिचडी ना तुमचा लाडू. तुमच्या हिशेबात खर्च कमी झालेला दिसेल आणि तुम्हाला वाटेल बरं झालं.

आत्ताच, दिवाळीच्या आधी, समितीला हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव द्यायला सांगा. आईबाप गेले तरी पोरगं आजीकडं गावातच राहतं आणि सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते. मी सहावी-सातवी तशीच काढली. नाहीतर आज मी कोयत्यावर असतो, त्यात कमीपणा नाही, पण असतो.

गुरुजी_बदलीवाले | 3 ऑक्टोबर, सकाळी 7:30

यांचं शंभर टक्के. आणि प्रस्ताव उशिरा गेला की मंजुरी येईपर्यंत पोरं फडावर पोचलेली असतात. मी घरोघरी जाऊन यादी करतो ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, कोण जाणार, कोणाची म्हातारी घरी आहे. म्हातारीच्या हाताला जमतं का हे पण बघावं लागतं, नुसती आजी असून चालत नाही.

ज्वारीची_कणसं | 23 नोव्हेंबर, रात्री 10:10

पट 46 होता, आता हजर 33. तेरा गेली. त्यात ती प्रार्थनेला बसलेली पोरगी पण.

यादी केली होती, 19 जाणार होती. सहा जणांच्या आज्यांनी ठेवून घेतली. प्रस्तावाचं काय व्हायचं ते होवो, तोपर्यंत या सहांची सकाळ-संध्याकाळची भाकरी आमच्या दोघींपैकी (आता दोघी वेगवेगळ्या गल्लीतल्या आहेत 🙂) एकीकडं होते, धान्य आम्ही देतो. कीबोर्डभाऊंनी चार महिन्यांचे पैसे पाठवले, नाव लिहू नका म्हणाले.

त्या पोरीच्या वडिलांना फोन केला. माळशिरसकडं कुठल्यातरी फडावर आहेत. म्हटलं पोरीला ठेवायची होती. म्हणाले, धाकटं सव्वा वर्षाचं आहे भाऊ, त्याला बघायला कोण? याला मी काय बोलणार. फडाजवळच्या शाळेत तिचं नाव घालता येतं, दुपारचं जेवण तिथं मिळेल, मॅडमनी तसं पत्र दिलंय, ते त्यांनी खिशात ठेवलंय. वापरतील का माहीत नाही.

हिशेबनीस, तुमच्या भाषेत खर्च साडेपंधराशेनं कमी झाला या महिन्यात.

हिशेबनीस | 23 नोव्हेंबर, रात्री 10:25

ते बचतीत दाखवू नका. येणं म्हणून लिहा. पोरं एप्रिलात परत येणारेत.

पिवळी_चाफेकळी | 24 नोव्हेंबर, सकाळी 9:00

एप्रिलात परत येतील तेव्हा वजन-उंची घेऊन ठेवा, आधीचं आहे ना? नसेल तर आता उरलेल्या 33 चं तरी घ्या. उंची भिंतीवर खडूनं नको, टेप चिकटवा सरळ.

बेरकी_बोका | 11 जानेवारी, सकाळी 7:05

गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेची, तयारी बघायला सोलापुरात आलो होतो, वाट वाकडी करून धागाकर्त्यांच्या गावाला न सांगता जाऊन आलो. शुक्रवार होता, हरभऱ्याचा. डब्यावरची चिठ्ठी बघितली, 5 जानेवारी, सोमवारची. लाडू खाऊन बघितला, खमंग आहे. फोटो काढला नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीचं काय ठरलंय?

ज्वारीची_कणसं | 11 जानेवारी, रात्री 9:35

अहो सांगायचं तरी, चहा पाजला असता!

सुट्टीचं अजून नाही ठरलं. मे मध्ये शाळेला कुलूप. मंदिराच्या ओसरीवर करावं असं एक मत आहे, पण मंदिरात अंडं चालणार नाही आणि एका वस्तीची पोरं तिथं मोकळेपणानं येणार नाहीत, हे कुणी बोलत नाही पण सगळ्यांना माहिती आहे. अंगणवाडीच्या ताई म्हणतात माझ्या व्हरांड्यात करा. त्यांना विचारून सांगतो. समितीनं सकाळच्या नाश्त्यासाठीचा अर्ज पण पंचायत समितीला दिलाय, पोच घेतलीय शिक्क्यासकट, तुमच्यासाठी.

आचारी_नंबर_एक | 11 जानेवारी, रात्री 9:50

व्हरांडा चालेल. फक्त मे मध्ये मोड आलेल्या मटकीला आंबूस वास मारतो दोन तासात, तेव्हा मटकी बंद ठेवा, हरभरे भाजून द्या. लाडवात गूळ थोडा कमी, नाहीतर पाघळतो.

ज्वारीची_कणसं | 11 जानेवारी, रात्री 9:58

लिहून घेतलं. आणि उद्या सोमवार, डबा बदलायचा वार. दाणे भाजायला ठेवलेत बायकोनं, वास आला करपल्याचा, जातो.